लसूण कुणाला मानवला, कुणाला बाधला? (अनुभव धागा)

रानजाई
खालच्या मजल्यावर लेक बाळंतपणाला आलीय. आज सकाळी जिना उतरताना शेगडीचा वास आला. ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. एकदम माझं बाळंतपण आठवलं. आई तुपात अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तळायची, लालसर होईपर्यंत. गरम बाजरीच्या भाकरीवर बोटाने दाबल्या की आतून खव्यासारख्या मऊ. रोज हेच, आणि कंटाळा कधी आला नाही. दूध वाढतं म्हणायची.

त्यावरून अप्पाही आठवले. सकाळी उठल्या उठल्या कच्चा लसूण ठेचून पाण्याबरोबर घ्यायचे, बीपीसाठी. पुढे हृदयाचं दुखणं निघालं, अ‍ॅस्पिरिन सुरू झाली, लसूणही चालूच. मग दाढ काढायला गेले तर रक्त थांबेना. रात्रीपर्यंत बोळे बदलत होतो. दंतवैद्यांनी आधी गोळ्या विचारल्या होत्या, त्या आम्ही सांगितल्या. लसूण कुणी सांगितलाच नाही, कारण लसणाला आमच्या घरात औषध कुणी समजतच नव्हतं.

तुमच्याकडे काय अनुभव? चांगले-वाईट दोन्ही लिहा.

भाकरतुकडा
तुपातला लसूण!! ताई सकाळी सकाळी भूक लावलीत. आमच्याकडे त्यात मीठ आणि जरा मिरपूड. पोरं चिप्स सोडून ते खातात.

ओपीडीतून
दोन पेशंटच्या मधे लिहितोय, थोडक्यात. रानजाईताई, एकट्या लसणाने झालं असं म्हणता येणार नाही, पण अ‍ॅस्पिरिन आणि लसूण दोघंही प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं, एकमेकींना चिकटणं कमी करतात. त्यात भर पडते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कच्चा लसूण किंवा लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ऑपरेशन ठरलं असेल तर कॅप्सूल साधारण आठवडा-दहा दिवस आधी थांबवायला सांगतो आम्ही. भाजी-आमटीतल्या फोडणीला कुणी घाबरू नका. बीपीचं म्हणाल तर ज्यांचं वाढलेलं आहे त्यांच्यात थोडं उतरतं, अभ्यासांत दिसलंय. पण गोळी बंद करण्याइतकं नाही, हे कृपया घरच्यांना सांगा.

तिरफळ
आमच्या वाडीतली गोष्ट. काकीचा गुडघा धरलेला. कुणीतरी सांगितलं, लसूण वाटून बांध. तिने बांधला आणि तशीच झोपली. सकाळी फडकं सोडलं तर खालचं कातडं लालभडक, मधोमध पाण्याने भरलेला मोठा फोड, आणि कडेला लसणाचा चोथा चिकटलेला. चक्क भाजलं होतं, विस्तवाशिवाय! डॉक्टरांनी मलम दिलं, बरं व्हायला बरेच दिवस गेले. डाग अजून आहे. गुडघ्याचं दुखणं काही थांबलं नाही ते नाहीच. लहान मुलांच्या छातीला, तळपायाला ठेचलेला लसूण बांधतात त्यांनी हे लक्षात ठेवा, त्यांची कातडी किती नाजूक.

नंदिनी_नाशिक
बापरे तिरफळ 😟 काकी आता बऱ्या आहेत ना?

तिरफळ
हो गं, ठणठणीत. काल सोलकढी करून पाठवली. लसूण घालून!

चंद्रभागा
दुधाचं वाचलंय मी. १९९१ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी बघितलं होतं, आईने लसणाच्या कॅप्सूल घेतल्या तर दोनेक तासांनी दुधाला वास येतो, आणि बाळं उलट जास्त वेळ छातीला लागून राहतात. दूध जास्त येतं असं नाही, पण बाळाला चव आवडते. आपल्या आयांना चुलीपुढे बसून हे कळलं असेल का कोण जाणे.

वऱ्हाडी_ठेचा
मला बाधते. कच्ची तर नाहीच, भाजीतली पण. पोट फुगून नगारा होते, मग गॅसेस. कितीतरी वर्षं ॲसिडिटी म्हणून गोळ्या खाल्ल्या. शेवटी आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं की लसणात फ्रुक्टान नावाचं कर्बोदक असते, ते काहीजणांना पचत नाही, आतड्यात आंबते. कांद्यातपण तेच. ठेच्याच्या गावचा मी, आणि लसूण बंद! पण त्यांनीच वाट पण दाखवली. फ्रुक्टान पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या, काढून टाकायच्या, त्या तेलात फोडणी. वास पूर्ण, त्रास नाही. बायकोने पहिल्यांदा असं वरण केलं तेव्हा दोनदा वाढून घेतलं.

भाकरतुकडा
हे भारी आहे. एकदम बरणीभर करून ठेवता येईल का? ऑफिसच्या दिवसांत बरं पडेल.

ओपीडीतून
बाहेर अजिबात ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणाला मातीतले जंतू असतात, त्यात बोटुलिझमचं (जीवघेणी अन्नविषबाधा) विष तयार होऊ शकतं. वास, रंग काही बदलत नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तेलातल्या लसणामुळे एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेले ३६ जण आजारी पडले होते. लागेल तेवढंच करा. उरलं तर फ्रीजमध्ये, तेही दोन-तीन दिवसच.

नंदिनी_नाशिक
आमच्या सासूबाई चातुर्मास पाळतात. कांदेनवमीला घरात कांदाभजी, लसणाची चटणी, सगळं हादडून घ्यायचं आणि मग बंद. मला आधी जड गेलं. पण आता हिंग-जिऱ्याची आमटी इतकी आवडते की मुलगा पावसाळ्याची वाट बघतो. विषयाला सोडून झालं का? असू दे.

परदेशी_पाहुणा
मी जर्मनीत असतो. डब्यात लसणाची चटणी नेली की दुसऱ्या दिवशीही माझ्या शेजारचा सहकारी खिडकी उघडतो. दात घासून, चूळ भरूनही जात नाही. कारण काय?

चंद्रभागा
कारण वास तोंडात नसतोच, रक्तात असतो. लसणातलं एक गंधकाचं द्रव्य पचल्यावर रक्तातून फुप्फुसात येतं आणि श्वासातून बाहेर. सफरचंद कच्चं खा, किंवा पुदिन्याची पानं चावा. जेवणाबरोबर दूध-ताकसुद्धा चालतं. आमच्याकडे लसणाच्या चटणीबरोबर ताक का असतं ते मला तेव्हा उमगलं.

परदेशी_पाहुणा
सफरचंद इथे हवी तेवढी. धन्यवाद ताई!

मोत्याची_आई
कुणी बोललं नाही म्हणून सांगते. कुत्र्याला लसूण-कांदा देऊ नका. गोचीड जातात म्हणून लसूण खाऊ घालतात, पण त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, अ‍ॅनिमिया होतो. मांजरांना तर आणखीच वाईट. चिकनचा रस्सा भाकरीवर ओतून घालायची पद्धत आहे गावाकडे, ती बंद करा प्लीज. पांढऱ्या पडलेल्या हिरड्या बघितल्यात मी.

भाकरतुकडा
अरे देवा. आजच सांगते आईला, आमच्या राजाचा (कुत्र्याचा) रस्सा बंद.

ओपीडीतून
कोरोनात काय काय केलं लोकांनी ते विसरलात का? व्हॉट्सअ‍ॅपवर लसणाचं पाणी. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं होतं की लसणाने कोरोनापासून बचाव होतो याचा पुरावा नाही. माझ्याकडे रिकाम्या पोटी लसूण खाऊन घसा-छाती जळजळलेले पेशंट यायचे. आणि कानात लसणाचं गरम तेल नको हो. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत.

रानजाई
डॉक्टर, अप्पांना हे सगळं आधी ऐकायला मिळालं असतं तर! ते अजूनही लसूण खातात, पण आता चटणीत, जेवणाबरोबर. एक विचारते, कच्च्यातलं सत्त्व शिजवलं की जातं का?

ओपीडीतून
बरंचसं. पाकळी चिरली-ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तिखट वास. ते करणारं एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग फोडणीत टाकायचा, थोडं तरी टिकतं. चला, पेशंट आले.

बांधावरून
उशिरा आलो, लसणाला पाणी देत होतो. शहरात लोक मोठ्या पाकळीचा पांढराशुभ्र लसूण घेतात, सोलायला सोपा म्हणून. एकदा बारीक पाकळीचा, जांभळट सालीचा गावठी घेऊन बघा. अर्धाच लागतो. २०२४ च्या हिवाळ्यात किरकोळीला चारशे रुपये किलो झाला तेव्हा सगळ्यांना लसूण आठवला. त्याच्या आधीच्या वर्षांत आम्ही मातीमोल विकलाय, बरेच जण त्यामुळेच लावायचे थांबले. हे पण अनुभवातच धरा.

नंदिनी_नाशिक
दादा, कुंडीत येईल का हो? बाल्कनीत ऊन आहे सकाळचं.

बांधावरून
येईल की. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. मोठी पाकळी निवडा, साल काढू नका, टोक वर. गड्डा व्हायला चार महिने लागतील, पण पात त्याच्या आधीच खुडता येईल. पातीचा लसूण घालून पिठलं करा.

नंदिनी_नाशिक
पाणी रोज?

बांधावरून
नको. माती वरून सुकली की मगच. पाणी साचलं तर गड्डा सडतो. कुंडीला खाली भोकं आहेत का बघा आधी.