अनुभव धागा: सोबत फाँट पाठवलाय ना?

कानामात्रा
माळा आवरताना बुटांच्या खोक्यात ३७ फ्लॉप्या निघाल्या. एकीवर माझ्याच अक्षरात, ‘आयपीए फाँट, १/३. हात लावू नये.’ उरलेल्या दोन कुठे गेल्या, देव जाणे. त्यावरून हा धागा. भाषाशास्त्राची सॉफ्टवेअरं, कोश, फाँट डायलअपच्या काळात कुठून उतरवलेत, कुणाला दिलेत, कुठे आपटलात, ते लिहा.

मीच सुरू करते. १९९६, पुणे, एम.ए.चं दुसरं वर्ष. घरी शेल खातं होतं, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. फाइल उतरायची तीही दोन टप्प्यांत. एफटीपीने आधी खातं ज्या मशीनवर आहे तिथे, मग तिथून झेडमोडेमने घरी. एसआयएल या संस्थेचे आयपीए फाँट, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांचे, फुकट मिळायचे, आणि ते नसतील तर छापलेल्या पानावर पेनाने एकेक श्वा (तो उलटा e) काढत बसायचं. १४.४च्या मोडेमवर एक एमबी म्हणजे दहाएक मिनिटं. आठव्या मिनिटाला आजीने बाहेरच्या खोलीतला फोन उचलला. “अगं, आत कुणीतरी किंचाळतंय!” लाइन गेली. मी पुन्हा पहिल्यापासून. झेडमोडेम तुटलेली फाइल तिथूनच पुढे नेतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

फिरस्ता
‘हात लावू नये’ वाचून हसलो. माझ्या शूबॉक्सच्या (शब्दसंग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर, बुटांचं खोकं नव्हे) फ्लॉपीवर ‘देवाशप्पथ परत कर’ असं होतं. परत आली नाहीच.

शूबॉक्स आठवतंय का कुणाला? तेही एसआयएलचंच, नंतर त्याचं टूलबॉक्स झालं. सगळा शब्दसंग्रह साध्या मजकुराच्या फाइलीत. ओळीच्या सुरुवातीला उलटी तिरकी रेघ आणि दोन अक्षरं. एलएक्स म्हणजे मूळ शब्द, पीएस म्हणजे नाम की क्रियापद वगैरे, जीई म्हणजे इंग्रजी अर्थ. इतकं साधं, की माझ्या त्या वेळच्या फाइली आजही कुठल्याही मशीनवर उघडतात. शोभिवंत पॅकेजांत ठेवलेलं सगळं मात्र गेलं.

तर किस्सा. दक्षिण गोव्यात कोंकणी शब्द गोळा करत होतो. वर्षभर फिरून दोन हजारांवर नोंदी झाल्या. मडगावला एका डीटीपीवाल्याकडे छापायला दिल्या. फाइल दिली, फाँट द्यायचा राहिला. त्यानेही काही विचारलं नाही, रात्रीत १४० पानं काढून ठेवली. जिथे जिथे श्वा, तिथे भलतंच चिन्ह. आणि कोंकणीत श्वा किती असतात! सरांनी पहिलं पान बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “हें कितें रे?” पैसे पूर्ण भरावे लागले. त्याची चूक नव्हतीच म्हणा. त्यानंतर कुणालाही काही देताना तीन गोष्टी एकत्र द्यायला लागलो: फाइल, फाँट, आणि मजकूर खरा कसा दिसायला हवा ते दाखवणारं एक छापील पान. त्या पानामुळे किती जण वाचले असतील!

ळ
तेव्हा मी अमेरिकेत. फाँटची कटकटच नको म्हणून आम्ही रोमनमध्ये लिहायचो, अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सच्या पद्धतीने. कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल एल म्हणजे ळ. हात इतका बसला की घरच्या ईमेलही तशाच जायच्या. भावाने छापून आईला दिली. तिचा फोन, “मधेच मोठी अक्षरं का? रागावलायस का?”

विद्यापीठातली लाइन जोरात असल्यामुळे पुण्याहून मित्रांच्या याद्या यायच्या. डिसेंबरात जाताना बॅगेत फ्लॉप्या, येताना त्याच जागी चकल्या. तुकडे करून भरलेल्या नऊ फ्लॉप्यांपैकी सातवी हटकून खराब निघायची.

दंततालव्य
आमचा त्रास आवाजाचा. ॲमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं ‘प्रात’ हे उच्चार तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आणि तसं आटोपशीर, पण आवाज न्यायचा कशात? २२ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका फ्लॉपीत अर्ध्या मिनिटाहून थोडंसंच जास्त. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे ‘जगत राहा’, यांतला ज लिहिताना सारखा, बोलताना वेगळा. या एवढ्यासाठी चार माणसांचं बोलणं नेताना पिशवीभर फ्लॉप्या. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, “विकायला चाललात का?”

अर्धा र
सगळे फाँटला शिव्या घालताहेत, पण युनिकोड आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही हं. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, र. कृ. जोशींचा मंगल फाँट दिसला, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मग ‘दुसऱ्या’ लिहायला घेतलं. एक जण साधा र घेऊन अदृश्य जोडखूण लावतो, दुसरा नुक्त्याचा ऱ घेतो. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोधायला जा, एक सापडतो, दुसरा नाही. माझ्या शब्दयादीत ‘कैऱ्या’ दोनदा होत्या आणि संगणक शपथेवर सांगत होता की हे शब्द वेगळे आहेत. ॲ तर २००८पर्यंत स्वतंत्र नव्हताच, अ-वर चंद्र चढवून भागवायचो.

शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश नेटवर ठेवला, तेव्हा मात्र रात्रभर नुसते शब्द टाकत बसलो होतो. कामाचा एकही नाही.

नवा भिडू
वाचतच होतो, आता विचारतो. बाबांनी (वय ८४, निवृत्त शिक्षक) गावाकडचे शब्द टाइप करून ठेवलेत, साधारण १९९८चे. फाइल उघडली की टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि डॉलर दिसतात. फाँट कुठला विचारलं, तर म्हणाले, “मराठी.”

फिरस्ता
पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा इथे चिकटव. आणि छापलेलं पान आहे का बघ.

नवा भिडू
आहे! कडेला भोकं असलेल्या कागदावर, पंचांगात घडी करून. पहिला शब्द ‘आगोट’. डॉलर म्हणजे ट असावा. थांबा, लावून बघतो.