उत्तर: निपाणीला गेलं की बंदुकीचे नियम बदलतात का?
कागल ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत गेलं की बंदुकीचा कायदा वेगळा, असं काही जण म्हणतात. ते चूक आहे. शस्त्र कायदा १९५९ केंद्राचा, दोन्हीकडे तोच. फक्त परवाना देणारा अधिकारी जागेप्रमाणे बदलतो, उदा. कोल्हापुरात जिल्हाधिकारी, मुंबईत पोलीस आयुक्त.

मुद्द्याचं कलम ६ वे. बंदुकीची नळी कापून आखूड करणं, नकली पिस्तूल खरं करणं, किंवा (२०१९ च्या दुरुस्तीनंतर) बंदुकीचा नियमांत ठरलेला वर्गच बदलणं, याला त्या कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. पीकसंरक्षणाचा, म्हणजे पिकं राखायला बंदूक बाळगण्याचा, परवाना इथे चालत नाही. नेमकी इथेच गल्लत होऊ शकते. शिक्षा कलम २५(१) खाली, पूर्वी ३ ते ७ वर्षं, आता किमान ७ वर्षं ते जन्मठेप. गुन्हा ठरायला बदललेल्या हत्यारातून गोळी झाडलीच पाहिजे, असंही नाही.