‘डीमिनरलायझेशन’ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: दातांच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. ‘एनॅमलचं (दाताच्या वरच्या कडक थराचं) डीमिनरलायझेशन’ला मी ‘एनॅमलची झीज’ लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘निर्खनिजीकरण’ केलं. हे वाचणार कोण?

दंतकथा: शब्द जड आहे, पण खोडलं ते योग्यच. दात दातावर घासून किंवा ब्रश रगडून जातं ती झीज. इथे तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमधलं, म्हणजे एनॅमल ज्याचं बनलंय त्या खनिजातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडतं. सुरुवातीला वरचा पापुद्रा बराचसा शाबूत असतो, आतला भाग सच्छिद्र होतो. दात हवेने वाळवला की तिथे खडूसारखा पांढरट डाग दिसतो. झिजलेलं काहीच नसतं.

सहजमराठी: आमची आजी ‘दात किडला’ म्हणायची, सगळ्यांना कळायचं.

दंतकथा: किडला म्हणजे भोक पडलं. त्याआधीचा डाग लाळेतल्या खनिजांनी आणि फ्लोराइडने भरून येऊ शकतो. रुग्णाला हाच फरक कळायला हवा!

रसायनी: ‘खनिजक्षय’ आणि ‘खनिजभरण’ घ्या, जोडी जमते.

पाणिनीय: खनिज म्हणजे खाणीत जन्मलेलं. दातात कुठली खाण?

रसायनी: दातातलं हे अ‍ॅपेटाइट खडकातही सापडतं. प्रयोगशाळेत कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब सोडूनही बनतं; मिश्रण आम्लधर्मी होऊ दिलं तर मात्र ब्रशाइट, म्हणजे वेगळंच कॅल्शियम फॉस्फेट, हाती येतं. जन्मस्थानावरून नाव ठरवायचं तर एकाच पदार्थाला तीन नावं द्यावी लागतील. वापराने शब्दाचा अर्थ रुंदावतो, तो मान्य करा.

पाणिनीय: रुंदावतो म्हणून मूळ सोडायचं? दातावर साचतं ते ‘कीटण’ बघा. लोक त्याचा संबंध किड्याशी लावतात. ते संस्कृत ‘किट्ट’वरून, म्हणजे मळ, गंज.

सहजमराठी: लोखंडाच्या गंजालाही किट्ट म्हणतात ना? मग दातावरचा कडक थर तोच अर्थ.

दंतकथा: आणि ते कीटणही कॅल्शियम फॉस्फेटच! ब्रशाइट, ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट, व्हिटलॉकाइट, अ‍ॅपेटाइट, सगळं त्यात सापडतं.

रसायनी: अ‍ॅपेटाइट हे नावच ग्रीक ‘फसवणूक’वरून आलंय. खनिजशास्त्रज्ञ वेर्नरने १७८६ मध्ये दिलं, कारण लोक त्याला बेरिल (पाचू ज्या जातीचा ते खनिज) वगैरे समजून बसत.

शब्दवेडी: पत्रक उद्या छपाईला जातंय. ‘खनिजक्षय’ चालेल का?

सहजमराठी: ‘क्षय’ नको, टीबी वाटतो.

पाणिनीय: ‘दंतक्षय’ वाचून कुणाला टीबी वाटतो? बाकी ‘किट्ट’ आणि ‘कीट’ (किडा) यांचा संस्कृत धातू, म्हणजे मूळ क्रियारूप, एकच का, यावर कुणाकडे काही आहे?