अनुभव धागा: नवी स्पोर्ट्स कार, हातात किल्ली आणि मनात किंतु

धागाकर्ता

गाडी घरी येऊन अकरा दिवस झाले. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, हाताने टाकायचे सहा गिअर. शाळेच्या वहीत जिची चित्रं काढायचो तिचीच ही आजची पिढी, त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे आधीच कबूल करतो.

मीटरवर ६१ किलोमीटर होते. सेल्समन म्हणाला, "सर, फॅक्टरीत टेस्ट होते, मग जहाजावर चढव, उतरव, गोदाम. एवढे होतातच." मी मान डोलावली. चार दिवसांनी त्या दिवशीचे फोटो चाळताना एका फोटोत ट्रिप कॉम्प्युटर दिसला. कुणी शून्य केलाच नव्हता. अंतर ६१, इंजिन चालू वेळ सव्वा तास, सरासरी वेग ४९. गोदामात आणि जहाजाच्या उतरणीवर ४९ च्या सरासरीने गाडी कोण हाकतो?

गाडीत दोष काहीच नाही, मस्त पळते. पण दर वेळी स्टार्टचं बटण दाबलं की वाटतं, हिला माझ्याआधी कुणीतरी पळवलंय. डीलरला विचारायला जायचंय, पण त्याआधी तुमचे अनुभव हवेत. फसवले गेलात, फसवल्यासारखं वाटलं, की नंतर आपलंच चुकलं म्हणालात, सगळं लिहा.

मागच्या बाकावरचा

माझं थोडक्यात. पहिल्याच दिवशी फोन जोडायला गेलो तर ब्लूटूथच्या यादीत आधीच दोन फोन! नॅव्हिगेशनच्या इतिहासात एक घरचा पत्ता. डीलरकडे गेलो तेव्हा शोरूम मॅनेजर हसत म्हणाले, "बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी जरा फिरवली." बॅटरीसाठी चार्जर मिळतो हो. त्यांनी माफी मागितली, मी ती घेतली, पण गाडीची पुढची सर्व्हिस दुसरीकडे केली.

रंगाचा बेरंग

आमची कथा लांब आहे. बसून वाचा.

गाडी गडद निळी. दिवसा काही दिसायचं नाही. एका रात्री पेट्रोल पंपावर ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभी केली, तर दरवाजावर ट्यूबची रेघ सरळ आणि मागच्या डाव्या पॅनलवर तीच रेघ थरथरल्यासारखी. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या रबरी बीडिंगची कड नखाने उचलली, तर आत निळ्या रंगाचे बारीक शिंतोडे. कारखान्यात रंग आधी लागतो आणि रबर नंतर बसतं, मग रबरावर रंग आला कुठून?

मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. कारखान्याचा रंग बहुतेक वेळा शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. आमचं छत ११२, दरवाजे ११५ ते १२५, बॉनेट ११८. मागचं डावं पॅनल २९०. पोचा भरायची लांबी (पुट्टी) लावली असती तर आकडा आणखी पुष्कळ वर गेला असता, म्हणजे पत्रा फारसा ठोकलेला नव्हता, पण पुन्हा रंगवला नक्की होता. यंत्र घेणाऱ्यांसाठी एक सूचना: स्पोर्ट्स कारमध्ये अॅल्युमिनियमचे पॅनल भरपूर असतात, आणि फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त यंत्र तिथे मुकं होतं. दोन्ही धातू मोजणारं घ्या. प्लास्टिकचा बंपर आणि कार्बन फायबर यांवर तेही चालत नाही, तिथे डोळेच वापरायचे.

डीलरचं पहिलं उत्तर: "फॅक्टरीतून असंच येतं." दुसरं: "तुम्ही बाहेर काही काम केलंय का?" या दुसऱ्या उत्तराने माझा पारा चढला. चार दिवस चकरा मारल्यावर बॉडीशॉपच्या एका पोराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ट्रकवरून उतरवताना साखळी घासली होती." खरचटलं होतं, बस. आधी सांगितलं असतं तर मी काही सूट घेऊन तीच गाडी नेली असती. आता पैसे परत मिळालेत थोडे, पण पार्किंगमध्ये लावल्यावर मी कायम उजव्या बाजूने उतरून चालू लागतो. डावीकडे बघत नाही.

उलटतपासणी

वरचा अनुभव वाचून राहवलं नाही. हुबेहूब असाच खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, वकिलीच्या अभ्यासक्रमात आम्हाला होता.

१९९० मध्ये अलाबामा राज्यातल्या डॉ. आयरा गोर यांनी काळी बीएमडब्ल्यू ५३५आय घेतली, ४०,७५०.८८ डॉलरला. नऊ महिने आनंदात चालवली. गाडी आणखी चकाकावी म्हणून एका दुकानात नेली तर तिथल्या माणसाने रंग ओळखला. जर्मनीहून येताना बहुधा आम्लधर्मी पावसाने रंग खराब झाला होता आणि तो परस्पर पुन्हा दिला गेला होता. खर्च ६०१.३७ डॉलर. कंपनीचं धोरण असं की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर डीलरलाही कळवायचं नाही. म्हणजे इथे डीलरलाच ठाऊक नव्हतं! ज्यूरीने नुकसानभरपाई ४,००० डॉलर आणि दंड म्हणून तब्बल ४० लाख डॉलर दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड २० लाखांवर आणला. १९९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला, आणि शेवटी तो ५०,००० वर स्थिरावला.

हे सांगायचं कारण, "किरकोळ आहे, कशाला सांगायचं" हा विचार डीलरच्याच डोक्यात येतो असं नाही, तो कधी कधी वरून येतो. आणि गोर यांनाही स्वतःहून काही जाणवलं नव्हतं हे लक्षात घ्या.

पाना-पक्कड

मी नऊ वर्षं काउंटरच्या पलीकडे होतो. सर्व्हिस ॲडव्हायझर. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

गाडी ट्रकवरून उतरते तेव्हा ती गाडीसारखी नसतेच. टायरमध्ये हवा ठासून भरलेली, बॅटरी वाचवण्यासाठी ट्रान्सपोर्ट मोड, काही मॉडेलमध्ये स्प्रिंगांत ठोकळे अडकवलेले, म्हणजे जहाजावर करकचून बांधलं तरी सस्पेन्शन दबत नाही. हे सगळं काढून, तेल-पाणी बघून, रस्त्यावर एक फेरी मारून मग गाडी तयार म्हणायची. याला आम्ही पीडीआय (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन) म्हणतो. कागदावर तासन् तास चालणारं काम. महिनाअखेर, टार्गेट, तीन गाड्या रांगेत, मग ते किती वेळात उरकतं ते विचारू नका.

एक गृहस्थ आमच्याकडे अक्षरशः थरथरत आले होते. "तुम्ही मला ॲक्सिडेंटची गाडी विकलीत." गाडी खड्ड्यात नाही, साध्या रेषेवरसुद्धा दणके मारत होती आणि समोरून उंच दिसत होती. लिफ्टवर घेतली तर पुढच्या स्प्रिंगांमधले ठोकळे तसेच! काढायचा विसर पडलेला आणि यादीत मात्र टिक मारलेली. दहा मिनिटांचं काम. पण त्या माणसाचा विश्वास परत बसवायला ते पुरले नाही, आणि का पुरावेत? ज्या यादीत एक टिक खोटी, तिच्यातल्या बाकीच्या खऱ्या कशावरून?

धागाकर्त्यांना: ६१ किलोमीटर हा आकडा भयंकर नाही. काही कारखाने रस्त्यावर चाचणी घेतात, पीडीआयची फेरी असते. तुम्ही आकड्यावर भांडू नका, कागद मागा. गाडी उतरवताना मीटरचं रीडिंग लिहून घेतलेलं असतं. पीडीआयच्या आधी आणि नंतरचंही बहुधा असतं. तीन आकडे एका ओळीत ठेवा, काय ते कळेल. आणि सेल्सवाल्याला विचारू नका, वर्कशॉपला विचारा.

सात हजार आरपीएम

मी घेतलेली गाडी "शोरूममध्ये उभी असलेली, डिस्प्ले पीस" म्हणून थोडी स्वस्तात मिळाली. नवीच, माझ्याच नावावर पहिली नोंदणी. दोन वर्षांनी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने तज्ज्ञाकडून इंजिनच्या कंट्रोल युनिटचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, अहवाल काढला. मला माहीतच नव्हतं की असं काही निघतं. त्यात मर्यादेपलीकडे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गेल्याची नोंद, आणि तेव्हा इंजिन चालून झालं होतं फक्त तीन तास. तीन तासांची असताना ती माझ्याकडे आलीच नव्हती!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी लिमिटर इंजिनाला थांबवतो. पण पाचव्यातून चौथ्यात जाण्याऐवजी चुकून दुसऱ्यात गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. म्हणजे कुणीतरी टेस्ट ड्राइव्हला चुकीचा गिअर टाकला होता. विक्री मोडली. घेणारा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही खोटं बोलताय असं म्हणत नाही, पण…" त्या "पण" वर मी आजही अडकलेली आहे. डीलरवर जो संशय मी घ्यायचा, तो माझ्यावर घेतला गेला.

पाना-पक्कड

ताई, अगदी बरोबर. पोर्शेच्या गाड्यांत तर या नोंदी सहा टप्प्यांत साठतात, आणि जुनी गाडी घेणारे आधी तेच बघतात. नवी गाडी घेताना मात्र कुणी मागत नाही. मागायला हरकत काय?

हौशी संशयी

उलट बाजू मी लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही.

मला गाडीचे टायर गाडीपेक्षा पाच महिने जुने दिसले. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या टायरवर १४२३, म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. झालं, माझी खात्री पटली की टायर बदलले. मग कळलं की टायर आधी बनून साठ्यात राहतात, काही महिन्यांचा फरक सामान्य आहे. शिवाय टायरवर कंपनीची खास खूण होती. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, पोर्शेसाठी 'एन' आणि आकडा, तशी. म्हणजे मूळचेच.

मग मी ब्रेक डिस्कच्या गंजाकडे वळलो (पावसात एका रात्रीत येतो आणि दोन ब्रेकमध्ये जातो). मग बॉनेटवर १६५ मायक्रॉन सापडले, तेव्हा तर मी डीलरला तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, कंपनीच्या कागदासकट: कारखान्यातच रंगाच्या तपासणीत एक कण सापडला म्हणून बॉनेटला पुन्हा थर दिला होता. शहानिशा केली, खरं निघालं. सहा महिने मी ती गाडी चालवली कमी आणि तपासली जास्त. शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, "अरे, चालव की ती!"

जुनी तारीख

वॉरंटी कधी सुरू झाली तेही पडताळा. आमची गाडी आम्हाला मिळण्याच्या चार महिने आधीच कंपनीच्या नोंदीत "विकलेली" होती. टार्गेट भरायला डीलर कागदावर विक्री दाखवतात, गाडी शोरूममध्येच. आपली वॉरंटी मात्र तिथून धावायला लागते. चेसिस नंबर सांगून थेट कंपनीला विचारलं तेव्हा उमगलं. तारीख दुरुस्त करून मिळाली, तीन ईमेलनंतर.

धागाकर्ता

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, विशेषतः पाना-पक्कड यांचे.

सेल्समनला टाळून थेट वर्कशॉपला गेलो आणि तीन आकडे मागितले. सर्व्हिस मॅनेजरनी फाइल काढली, बहुधा मी काय शोधतोय ते न कळताच. ट्रकवरून उतरताना ९. पीडीआयच्या सुरुवातीला ४६. पीडीआय संपताना ६१.

पीडीआयची फेरी १५ ची, ठीक. मधले ३७? ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग "विचारून सांगतो" म्हणाले. संध्याकाळी फोन आला. डेमो गाडी मोकळी नव्हती, एक मोठं गिऱ्हाईक घाईत होतं, म्हणून माझ्या चेसिस नंबरची गाडी त्याला चालवायला दिली. एकदाच. पहिली सर्व्हिस फुकट आणि एक वर्ष वाढीव वॉरंटी देतो म्हणाले. मी म्हटलं, आधी हे लिहून द्या, आणि कंट्रोल युनिटचा अहवालही काढून द्या.

अहवाल स्वच्छ आहे. पत्र आज आलं. त्यात लिहिलंय, "डिलिव्हरीपूर्वी वाहन अंतर्गत कारणांसाठी ३७ किमी वापरले गेले." सकाळी पुन्हा जाऊन "अंतर्गत कारणांसाठी" खोडून "ग्राहकाच्या टेस्ट ड्राइव्हसाठी" लिहून, सही-शिक्का घेऊन आलो. सेल्समन तिथेच होता, कॉफी विचारली त्याने. नको म्हटलं.

रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन जपून चालवायचे, अजून बरेच किलोमीटर बाकी आहेत. उद्या पहाटे निघतो. ट्रिप मीटर शून्य केलाय.