गाडी उड्या मारत रस्ता रंगवते तो गेम कोणता? आणि कॅसेटचं चित्र विस्कटतंय

शाहूपुरी_८बिट:
जुन्या टीव्ही गेमच्या '९९९९९९ इन १' कॅसेटमधले दोन गेम ओळखायचे आहेत. एकात गाडी मजल्यामजल्यांच्या रस्त्यांवर उड्या मारते, जाईल तिथला रस्ता पांढरा होतो. मागे पोलीस, मध्येच मांजर आडवं. दुसऱ्यात उंदीर जाळ्यांवर उसळतो आणि दारं उघडून मांजरांना पाडतो. कॅसेट लावली की संगीत नीट वाजतं, पण चित्राऐवजी नुसते चौकोन दिसतात. फुंकर मारूनही तेच.

गंगावेस_कॅसेटवाला:
भावा, पहिला 'सिटी कनेक्शन', जालेको कंपनीचा, १९८५. आपण फेकलेले तेलाचे डबे लागले की पोलिसांची गाडी गरगरते, तेव्हाच तिला धडकायचं. मांजरावर डबा चालत नाही, त्याच्यावरून उडीच मारायची.

दुसरा 'मॅपी', नामकोचा. आर्केडवर (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९८३ला आला, फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती टीव्ही गेम मशीनवर, १९८४ला. याची खरी गंमत जाळ्यांत आहे. दर उसळीला जाळीचा रंग बदलतो. लाल झाली की पुढच्या वेळी फाटते. त्याआधी बाजूच्या मजल्यावर उतरायचं. उसळत असताना मांजर लागलं तरी उंदीर मरत नाही, मजल्यावर लागलं की मरतो. म्हणून घाई करून मजल्यावर उतरू नये. लुकलुकणारी दारं जपून ठेव, त्यातून सुटणारी लहर वाटेतली मांजरं एकदम वाहून नेते.

अशा कॅसेटच्या मेनूतल्या नावांवर जाऊ नको. तोच गेम चार नावांनी घातलेला असतो, कधी मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारा.

मिरजकर_तिकटी:
संगीत नीट आहे म्हणजे प्रोग्रॅमच्या पिना लागतायत. चित्राची चिप वेगळ्या पिनांवरून वाचली जाते, त्या मळल्यात. स्क्रीन नुसती करडी किंवा काळी राहिली असती, तर आधी प्रोग्रॅमच्या बाजूवर संशय घेतला असता.

फुंकर मारणं बंद करा. श्वासातल्या ओलाव्यानं पिना आणखी काळवंडतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आधीच हवा दमट. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापूसकाडीवर घ्या आणि ६० पिना दोन्ही बाजूंनी उभ्या दिशेनं पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसत राहा. खोडरबर शेवटचा उपाय, तोही हलक्या हातानं, कारण पिनांवरचा मुलामा पातळ असतो. दहा मिनिटं वाळू द्या, मग मशीन बंद असतानाच कॅसेट घाला. तरीही चौकोनच दिसले तर मशीनचा स्लॉट तसाच साफ करा.

पंचगंगा_सोल्डर:
वरचं सगळं बरोबर. २०१९ किंवा २०२१च्या पुरात भिजलेली कॅसेट असेल तर अल्कोहोलच्या आधी डिस्टिल्ड वॉटरनं गाळ धुवा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. आत चिपऐवजी काळा डांबरी ठिपका दिसेल. त्याच्या आत पाणी शिरलं असेल तर दुरुस्ती नाही.

अडॅप्टर बघूनच लावा. मूळ फॅमिकॉमला मधली पिन निगेटिव्ह असते, नकली मशीनमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे मशीनवरची खूण वाचा. आतल्या ७८०५वर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) मल्टिमीटरनं ५ व्होल्ट यायला हवेत. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर फिल्टर कपॅसिटर वाळलाय: १००० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा टाका.