फायबरग्लासची जुनी स्पोर्ट्स कार घरी रंगवणे: रंग कोणता घ्यावा?

चिरेबंदी:

नमस्कार. माझ्या मामांची सॅन स्टॉर्म गेल्या वर्षी माझ्याकडे आली. हे नाव ज्यांच्या कानावर आले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की ही गोव्यातच तयार झालेली, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी असून तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामे आटोपली. आता रंग उरला आहे.

मूळ रंग लाल, म्हणजे एके काळी लाल होता. बॉनेट आणि डिकीचे झाकण उन्हाने गुलाबी पडले आहे आणि वरून बोट फिरवले तर कुंकवासारखी भुकटी बोटाला लागते. दाराच्या मुठीभोवती आणि पुढच्या दिव्यांच्या कडांना कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आहेत. पुढचा भाग काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये रंगवून घेतला होता. तेव्हा हेच तडे लांबी (खळगे बुजवायचा लगदा) भरून झाकले गेले आणि एक पावसाळा उलटताच जिथल्या तिथे परत वर आले. म्हणून या वेळी काम स्वतःच करावे असे मनात आहे. घर फोंडा तालुक्यात आहे. दोन बाजूंनी उघडी असलेली पत्र्याची शेड, दोन एचपीचा आणि पन्नास लिटर टाकीचा कंप्रेसर व एक स्प्रे गन, एवढी सामग्री आहे. अनुभव म्हणाल तर एक स्कूटर आणि अंगणाचे फाटक.

रंगाबद्दल घरात एकमत नाही. मला जुन्या ब्रिटिश गाड्यांचा गडद हिरवा हवा आहे, पत्नीचे म्हणणे लालच ठेवावा, आणि मुलाला मॅट (बिनचमकीच्या) काळ्याशिवाय दुसरे काही दिसत नाही. फायबरवर काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे, की हे घरी जमण्यासारखे आहे का आणि रंग ठरवताना आवडीखेरीज आणखी काय पाहावे.

वॉटरपेपर:

जमेल, पण तयारीला रंगकामाच्या चौपट वेळ लागतो हे धरून चाला. मी फायबर बॉडीची एक बग्गी घरी रंगवली आहे आणि त्यात केलेली पहिली चूक तुम्ही करू नये, म्हणून तीच आधी सांगतो. पत्र्याच्या गाडीवर रिमूव्हर (रंग उतरवणारे रसायन) लावून रंग फुगवतात आणि खरवडून काढतात. फायबरवर मात्र ते रसायन रंगाबरोबर जेलकोटही (फायबरवरचा गुळगुळीत रेझिनचा थर) मऊ करते, आत मुरते आणि नवा रंग चढवल्यावर काही आठवड्यांनी फोडांच्या रूपाने बाहेर येते. इथे घासण्याला पर्याय नाही. ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून १८० नंबरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) सुरुवात करावी, ३२० वर संपवावी, आणि खालचे धागे दिसू लागले की तिथेच हात थांबवावा. उघडे पडलेले फायबर पाणी पिते, त्यामुळे हे पहिले घासकाम कोरडेच करावे. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि धुळीचा मास्क घालूनच बसा. काचेची ती धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाजवत राहते.

आता तडे. हा दोष रंगाचा नसून जेलकोटचा आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्याही मागे पॅनेल लवचीक झालेले असते. मुठीजवळ अंगठ्याने दाबून पाहा. पॅनेल किंचित आत जात असेल तर वरून कितीही लांबी भरा, तडा परत येणारच. आतल्या बाजूने मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिनचा (ते धागे घट्ट धरणारा चिकट द्रव) एक थर देऊन आधी ती जागा ताठ करावी लागते. मग बाहेरून प्रत्येक तडा टोकदार पात्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडावा, त्यात रेझिनयुक्त पुट्टी भरावी आणि पूर्ण वाळल्यावर सपाट करावी. माझ्या बग्गीच्या एका मडगार्डवर असे अकरा तडे निघाले आणि तीन रविवार तेवढ्यातच गेले.

त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग सरफेसरचे (घासून सपाट करता येणारा जाड प्रायमर) दोन-तीन हात. सरफेसरवर काळ्या स्प्रेच्या डब्याने हलकी फवारणी करून ठेवा आणि ४०० च्या पेपरने ठोकळा फिरवा. जिथे काळे उरते तिथे खळगा आहे. शेवटी ८०० चा वॉटर पेपर, भरपूर पाण्यात.

तुमचा कंप्रेसर पूर्ण गाडीला एका दमात पुरणार नाही. बॉनेट, डिकीचे झाकण आणि दारे सुटी करून एकेक भाग मारा. हवेच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर बसवायला विसरू नका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा, कारण दमट हवेत रंगावर पांढुरका धूर बसल्यासारखे होते. फायबर घासल्यावर त्यावर स्थिर वीज साचते आणि तुमच्याकडची लाल माती जणू बोलावल्यासारखी येऊन चिकटते. शेडला प्लास्टिकचे पडदे लावा, जमीन ओली ठेवा आणि फवारणीपूर्वी टॅक क्लॉथ (धूळ टिपणारे चिकट फडके) फिरवा.

निळावंती:

मी गाड्यांच्या रंगांच्या दुकानात टिंटिंगच्या (रंग मिसळून छटा बनवण्याच्या) काउंटरवर काम करते, त्यामुळे फक्त रंगाबद्दल लिहिते.

मॅट काळ्याचा विचार घरच्या कामापुरता तरी सोडून द्यावा. उघड्या शेडमध्ये रंगात धुळीचे कण बसणारच. चकचकीत रंगावर ते १५०० आणि २००० च्या पेपरने काढून कंपाउंड (चमक आणणारे पॉलिश) मारता येते, मॅटला तसा हात लावला की तिथे चमकदार डाग पडतो आणि तो जात नाही. शिवाय काळा रंग ऊन पितो. फायबरची बॉडी वारंवार तापली की रेझिन थोडे आकसते आणि आतल्या काचेच्या धाग्यांची वीण पृष्ठभागावर उमटू लागते. गडद हिरव्यालाही थोड्या कमी प्रमाणात हाच धोका आहे. गाडी सावलीत राहणार असेल तर हरकत नाही, पण दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर पुनर्विचार करावा.

मेटॅलिकही नको. त्यातले चकाकते कण गनच्या अंतराप्रमाणे आणि दाबाप्रमाणे वेगवेगळे बसतात, त्यामुळे सुटे सुटे मारलेले भाग जोडल्यावर दार एका छटेचे आणि मडगार्ड दुसऱ्या छटेचे दिसते. सॉलिड रंगात हा त्रास फारसा होत नाही. मात्र सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्यावा आणि दोन डबे असतील तर ते मोठ्या भांड्यात एकत्र ढवळूनच वापरावेत.

लाल ठेवायचा असेल तर हे लक्षात घ्यावे, की लाल आणि पिवळे रंग खालचा थर नीट झाकत नाहीत. पांढऱ्या प्रायमरवर तोच लाल भडक दिसतो आणि करड्यावर खोल. तुमचा लाल गुलाबी झाला, कारण वर क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) नसावा. बोटाला लागणारी भुकटी हीच त्याची खूण. आता बेस (रंगाचा थर) मारून वर अतिनील किरणे रोखणारा चांगला क्लिअर दिलात तर तो पुष्कळ जास्त टिकेल.

आणि एक मत, न मागता. ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांचा हिरवा रंग १९०३ च्या गॉर्डन बेनेट शर्यतीशी जोडला जातो. इंग्लंडमध्ये रस्त्यावर शर्यत भरवायला मनाई असल्यामुळे ती आयर्लंडमध्ये झाली होती आणि यजमानांचा मान म्हणून गाड्या हिरव्या केल्या असे सांगतात. तुमच्या गाडीचा या घराण्याशी काय संबंध? इंजिन फ्रेंच आहे, आणि फ्रान्सचा शर्यतीचा रंग निळा. रेनॉचेच इंजिन आणि फायबरचीच बॉडी असलेल्या निळ्या अल्पिन ए११० ने १९७१ आणि १९७३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली होती. मध्यम निळा सॉलिड रंग काळ्याइतका तापत नाही आणि लालपेक्षा चांगला झाकतो.

नळीचा_मास्क:

वर सर्व काही आले, पण हार्डनरबद्दल (रंग कडक होण्यासाठी त्यात मिसळायचे द्रव्य) कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते घरी करायचे की नाही हे त्यावरच ठरावे. पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि क्लिअर यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. त्याचा वास नाकाला पुरेशी सूचना देत नाही. साध्या मास्कमधले कोळशाचे काडतूस (गाळणी) संपले तरी माणसाला कळत नाही. म्हणून बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा नळीचा मास्क, हातमोजे, चष्मा आणि अंगभर पोशाख हवा. पडदे लावून शेड बंद करताना हवा बाहेर जाण्याची वाट ठेवा, पण थिनरच्या वाफा असताना तिथे साधा घरगुती पंखा किंवा इन्व्हर्टर चालू नको. मी स्वतः घासण्यापासून सरफेसरला शेवटचा पेपर मारण्यापर्यंत सगळे घरी केले आणि रंग व क्लिअर मारण्यासाठी एका दिवसापुरता पेंट बूथ भाड्याने घेतला.

वॉटरपेपर:

हे बरोबर आहे आणि मी लिहायला हवे होते. इपॉक्सी आणि सरफेसरचे हार्डनर घेतानाही डब्यावरचा मजकूर वाचा. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) सरफेसरमध्येही बहुधा तेच असते, त्यामुळे तो मारतानाही हीच काळजी.

आरसीबुक:

कागदपत्रांचे थोडक्यात. आरसीवर रंगाची नोंद असते. लाल सोडून दुसरा रंग देणार असाल तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. हिरवा घेतलात तर छटा जपून निवडा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. तुमच्या मनातला हिरवा वेगळा असला, तरी जुन्या गाड्यांच्या हिरव्यांपैकी काही छटा मातकटपणाकडे झुकतात आणि तपासणीला उभ्या असलेल्या माणसाशी छटेवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

चिरेबंदी:

सर्वांचे मनापासून आभार. काल मुठीजवळ अंगठा दाबून पाहिला. डावीकडचे पॅनेल सरळ आत जाते, उजवीकडचे ताठ आहे, आणि तडेही डावीकडेच जास्त आहेत. दाराचा आतला पुठ्ठा काढून पाहिला तर तिथे एक थर सुटलेला दिसला. बॉनेट, दारे आणि झाकण सुटे करून ठेवले आहे.

फायबरच्या तीन तुकड्यांवर हिरवा, लाल आणि निळा ब्रशने लावून ते अंगणातल्या फणसाला टांगले होते. दुपारी दोन वाजता हात लावला, तेव्हा हिरव्याला तळवा टेकवत नव्हता, निळ्याला कसाबसा टेकला. गाडी माझ्याकडे बहुतेक वेळ शेडमध्येच असते, तरी ऑफिससमोर तिला सावली नाही. पत्नीने लालचा आग्रह सोडलेला नाही. मात्र संध्याकाळी दिवा लावून पाहताना ती निळ्या तुकड्यासमोरच जास्त वेळ उभी होती. आरटीओचा अर्ज आणून ठेवला आहे, रंगाचा रकाना अजून कोरा आहे. निळावंती, त्या निळ्याच्या तुमच्या काउंटरवरच्या दोन-तीन छटा पाहायला मिळतील का?

निळावंती:

अवश्य. तुकडे बरोबर आणा, पण ब्रशने लावलेल्या रंगावर भरवसा ठेवू नका. फवारलेल्या रंगाची छटा वेगळी दिसते. मी कार्डांवर गनने मारून देईन, ती तुम्ही सकाळच्या उन्हात आणि तुमच्या शेडमधल्या ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बॉनेटवर ठेवून पाहा.