पावसाळ्यात खालची ब्रॅकेट्स सारखी सुटताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यात माझा दातांचा दवाखाना आहे. पाऊस लागल्यापासून दात सरळ करायच्या तारेसाठी चिकटवलेली खालच्या दुसऱ्या प्रीमोलरची (दाढांच्या लगेच पुढचा दात) ब्रॅकेट्स आणि दाढांवरच्या मोलर ट्यूब सारख्या निघताहेत. वरच्या पुढच्या दातांची काही तक्रार नाही. पेशंटला विचारलं की उत्तर ठरलेलं, "डॉक्टर, कडक काहीच खादं नही." बिबड्या आणि फुटाण्यांच्या मुलखात हे ऐकून हसूच येतं, पण या वेळी मला ते पटतंय.

निघालेलं ब्रॅकेट भिंगाखाली धरलं तर कंपोझिट (चिकटवायचं रेझिन) सगळं त्याच्या जाळीला चिकटलेलं आणि दात लख्ख. म्हणजे पकड इनॅमलपाशीच, दाताच्या वरच्या कठीण थरापाशीच, बसलेली नाही.

पद्धत नेहमीचीच. ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड ३० सेकंद (हेच एचिंग), मग भरपूर धुणं, वाळवणं, आणि दात खडूसारखा पांढरा दिसला की प्राइमर, म्हणजे कंपोझिटआधीचं पातळ रेझिन. घोडं अडतं ते इथे. मागच्या दातांवर तो पांढरेपणा येतो आणि कॉटन रोल बदलेपर्यंत गायब. पोरांची जीभ काही स्वस्थ बसत नाही. एचिंगने उघडलेल्या बारीक छिद्रांत ओल भरली की साधा प्राइमर आत शिरत नाही, त्याचं पाण्याशी जमतच नाही. लाळ लागली तर नुसती हवा मारून भागत नाही, प्रथिनांचा थर मागे राहतो. तेव्हा मी धुऊन परत एचिंग करतो.

मागच्या दातांपुरता ओल चालणारा प्राइमर घ्यावा की सरळ रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमरवर (दातांचं एक सिमेंट) जावं? कोणी वापरतंय का?

प्रतिसाद, धुळे: सर, आधी कंप्रेसर बघा. सिरिंजची नुसती हवा कोरड्या आरशावर मारा. ठिपके उठले तर बिचाऱ्या लाळेला कशाला दोष? दमट हवेत टाकीत पाणी फार साचतं, खालचा कॉक रोज उघडून काढत जा.

प्रतिसाद, शहादा: मी मागच्या दातांना आयोनोमर वापरते. पकड कंपोझिटपेक्षा कमी, पण ओल सोसतो. उलट दात ठणठणीत वाळवायचाच नाही, किंचित ओलसर ठेवायचा. ओल पाण्याची हवी, लाळेची नको. आणि ब्रॅकेट चिकटवाल त्या दिवशी वायर हलकीच टाका.

मूळ प्रश्नकर्ता: आरसा करून पाहिला. ठिपके आहेत, आणि बोट फिरवलं तर तेलकट लागतंय. जळगावात एअर लाइनला ऑइल आणि पाण्याचा फिल्टर बसवून देणारं कोणी माहितीत आहे का?